पेट्रोल अडलंय कुठे? कार्बोरेटरच्या गाडीत टाकीपासून शोध कसा घ्यावा

गाडी बंद पडली की बॉनेट उघडून पहिला स्क्रू ड्रायव्हर कार्बोरेटरलाच लावायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. ती मोडावी म्हणून हे लिहितोय. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जुनी मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी किंवा अँबॅसिडर घरच्या माणसासारखी सांभाळणारे लोक अजून आहेत. २००० सालाच्या आसपास कार्बोरेटर नसलेल्या, इंजेक्शनच्या गाड्या आल्या, आणि त्यानंतर शिकलेल्या पोरांचा हात कार्बोरेटरवर बसलेला नाही. म्हणून निदान दोष कुठे आहे एवढं तरी मालकाला ओळखता आलं पाहिजे.

टाकी, झाकण, पाइप, फिल्टर, पंप आणि मग कार्बोरेटर, अशी पेट्रोलची वाट आहे. त्याच वाटेने शोधत जायचं. कार्बोरेटर शेवटी उघडायचा.

काम सुरू करण्याआधी गाडी मोकळ्या जागी लावा आणि इंजिन थंड होऊ द्या. बिडी-सिगारेट, देवाचा दिवा, उघडा बल्ब, काहीही जवळ नको. बाजूला वाळूची बादली ठेवा. पाइपला तोंड लावून पेट्रोल ओढू नका. ते फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

पेट्रोल की करंट?

आधी एवढं ठरवा. एअर क्लीनर काढा, चोक (नरड्यावरची हवा अडवणारी झडप) उघडा आहे ना ते बघा आणि टॉर्च मारून कार्बोरेटरच्या नरड्यात पाहा. इंजिन बंदच राहू दे. आता थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरची) दांडी हाताने एकदम ओढा. आतल्या बारीक नळीतून पेट्रोलची पिचकारी उडाली पाहिजे. धार केसासारखी बारीक असते, पण सलग असते, आणि समोरच्या भिंतीवर आपटून ओघळते. ती दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल पोचलंय, मग प्लग आणि कॉइलकडे, म्हणजे ठिणगीच्या बाजूकडे वळा. नुसता एखादा थेंब आला किंवा काहीच आलं नाही, तर पेट्रोल मागे कुठेतरी अडलंय. क्वचित ही पिचकारी मारणाऱ्या, कार्बोरेटरमधल्याच ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) गेलेला असतो आणि चेंबर भरलेलं असूनही पिचकारी येत नाही. काही कार्बोरेटरना चेंबरला काचेची छोटी खिडकी असते. तिच्यातून पातळी दिसली की शंका राहत नाही.

टाकीचं झाकण

हे इतकं साधं आहे की कुणी बघतच नाही. साखळीहून बेळगावला येताना माझी ८०० चोर्ला घाटात, ऐन मे महिन्यात, चढावर दम तोडून थांबली. दहा मिनिटं थांबलो, चालू झाली. दोन वळणं गेल्यावर परत तेच. मला वाटलं, उन्हाने पाइपात पेट्रोलची वाफ झाली असणार. पंपावर ओलं फडकं घातलं तरी फरक पडेना. शेवटी टाकीचं झाकण फिरवलं, तसा ‘सुस्स’ करून हवा आत ओढल्याचा आवाज आला. झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजलं होतं. पेट्रोल कमी होत गेलं तशी टाकीत पोकळी तयार झाली आणि पंपाला पुढे ओढता येईना. झाकण ढिलं ठेवून कणकुंबीपर्यंत आलो, पुन्हा एकदाही बंद पडली नाही. म्हणून सांगतो, थांबून-थांबून चालणाऱ्या गाडीत आधी झाकण उघडून आवाज ऐका. आवाज आला नाही, तरच वाफेचा संशय घ्या. वाफ असेल तर पंप आणि पाइप ओल्या फडक्याने गार केल्यावर गाडी उठते. फडकं तापलेल्या एक्झॉस्टवर मात्र पडू देऊ नका, बीड तडकतं.

पंपाची परीक्षा

या गाड्यांचा पंप यांत्रिक असतो. कॅमशाफ्ट त्याची दांडी ढकलते, आतला डायफ्रॅम वर-खाली होतो आणि पेट्रोल पुढे जातं. आधी कॉइलच्या प्लसची वायर काढून टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. मग कार्बोरेटरकडे येणारा पाइप सोडवून काचेच्या बाटलीत धरा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. इंजिनच्या दर दोन फेऱ्यांना एक, अशा जोरकस उचक्या देत पेट्रोल आलं पाहिजे. बुडबुडे येत असतील तर पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला कुठेतरी हवा शिरतेय. रबरी पाइप बोटांनी वाकवून बघा, भेगा क्लिपजवळच असतात. तिथे बाहेर पेट्रोल गळताना दिसणार नाही, कारण त्या बाजूला ओढ असते, दाब नसतो.

ती बाटली पंधरा मिनिटं न हलवता उभी ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. आपल्याकडच्या पावसात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडे, महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे होतंच. तेव्हा टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही.

बाटलीत काहीच आलं नाही, तर टाकीकडून पंपाच्या आत येणारा पाइप काढा, टाकीचं झाकण उघडा आणि सायकलच्या पंपाने हळू हवा मारा. टाकीजवळ कान लावणाऱ्याला बुडबुड ऐकू आली तर वाट मोकळी आहे, म्हणजे दोष पंपात. नाही आली तर फिल्टर किंवा टाकीतली जाळी बुजलीय. फिल्टर स्वस्त आहे, तो धुऊन परत लावू नका, सरळ बदला.

पंपाची आणखी एक खूण: इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर डायफ्रॅम फाटून पेट्रोल खाली उतरतंय. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. ऑइल पातळ होऊन बेअरिंगं जातात. पंप आणि ऑइल दोन्ही बदला.

आता कार्बोरेटर

पंप ठणठणीत आहे आणि चेंबर मात्र रिकामं, तर चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारा निडल व्हॉल्व्ह चिकटलाय. चेंबरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दोन हलके ठोके द्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतो. उलट पेट्रोल वाहत असेल, प्लग काळेकुट्ट होत असतील, तर निडल नीट बसत नाही किंवा फ्लोटमध्ये (चेंबरात तरंगणाऱ्या पोकळ तुकड्यात) पेट्रोल शिरलंय. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल असेल तर डुचमळतं.

आयडलला (रेस न देता उभी असताना) बंद पडते पण रेस दिल्यावर बरी चालते, तेव्हा आयडलचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाचा तुकडा बघा. पळताना पिकअप नाही आणि चोक थोडा ओढल्यावर सुधारते, तर मेन जेट चोंदलाय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. जेट हवेच्या दाबानेच साफ करा. तार किंवा सुई घातली की भोक मोठं होतं, आणि ते काही परत लहान करता येत नाही.

इथेनॉलचं काय?

आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाचा पैसा आपल्याच जिल्ह्यात येतो याचा मला आनंद आहे, पण जुन्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे कण जेटमध्ये जाऊन बसतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. म्हणून पाइप आणि डायफ्रॅम बदलताना इथेनॉलला टिकणारे मागा, आणि दुकानदाराने ‘कुठलाही चालतो’ म्हटलं तर घेऊ नका. गाडी वापरात नसली तरी पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवा.

सगळं जोडल्यावर कॉइलची वायर लावा, इंजिन पाच मिनिटं चालवा आणि प्रत्येक क्लिपवरून कोरडा कागद फिरवा. कुठे ओला झाला तर इंजिन बंद करून ती क्लिप पुन्हा आवळा, आणि कागद कोरडा येईपर्यंत बॉनेट लावू नका.