प्रार्थनेत मन लागत नसेल तेव्हा

प्रार्थनेला बसल्यावर मन भरकटणे आणि प्रार्थनेला बसावेसेच न वाटणे, या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. त्यांचे उपायही निरनिराळे असल्यामुळे आपल्याला नेमके काय होते आहे, हे आधी पाहावे. इंदूरच्या मराठी कॅथलिक घरांत याची गरज थोडी अधिकच आहे, कारण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य सामूहिक उपासना, हिंदीत किंवा इंग्रजीत ऐकायची आणि मराठी प्रार्थना घरात, बहुधा एकट्यानेच, टिकवायची अशी येथील रीत आहे.

मन भरकटण्यावरचा पहिला उपाय अगदी साधा आहे. वेळ आणि जागा एकदाच ठरवावी आणि ती बेताची ठरवावी. रोज पंधरा मिनिटे निभत असतील तर तासाभराचा संकल्प करू नये. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. जपमाळेची ॲप्स आता पुष्कळ आहेत, पण मण्यांची माळच बरी असे माझे मत आहे, कारण माळेवर कुणाचा निरोप येऊन पडत नाही.

तरीही व्यत्यय येणारच. सकाळी जपमाळेचे तिसरे रहस्य (जपमाळेच्या पाच भागांतला तिसरा) चालू असताना महापालिकेच्या कचरा गाडीचे गाणे गल्लीच्या तोंडाशी ऐकू येते आणि ओला-सुका कचरा वेगळा केला आहे की नाही, हा प्रश्न ‘नमो मारिया’ या मण्यामण्यावर म्हणायच्या प्रार्थनेच्या मध्येच घुसतो. अशा वेळी उठावे, डबे रिकामे करून यावेत आणि ज्या मण्यावर बोट होते तेथूनच पुढे सुरुवात करावी. पहिल्यापासून म्हणण्याची गरज नाही. व्यत्यय नुसत्या विचाराचा असेल, तर मात्र उठू नये आणि त्या विचाराशी झटतही बसू नये. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात याविषयी स्पष्ट सांगितले आहे, की विचलित करणाऱ्या विचारांच्या मागे लागणे म्हणजे त्यांच्याच सापळ्यात अडकणे होय आणि आपले मन कशात गुंतले आहे, हे त्या विचारांवरूनच कळते. म्हणून मुलाचा निकाल, जावेचे लागलेले बोलणे किंवा घरकर्जाचा हप्ता, जे काही वर येईल ते एका वाक्यात प्रभूपुढे ठेवावे आणि पुन्हा प्रार्थनेकडे वळावे. पंधरा मिनिटांत वीस वेळा वळावे लागले, तरी ती प्रार्थना वाया गेली असे समजू नये.

दुसरी तक्रार अधिक अवघड आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या संन्याशाने तिचे जे वर्णन केले आहे, ते आजही जसेच्या तसे लागू पडते. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, संन्यासी पुन्हा पुन्हा बाहेर डोकावून कुणी भेटायला येते आहे का ते पाहतो, आणि हळूहळू त्याला ती जागा, ते काम आणि सोबतचे बंधू सगळेच नकोसे होते. त्याने सुचवलेला मुख्य उपाय म्हणजे खोली सोडायची नाही. आविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनीही आत्मचरित्रात कबूल केले आहे, की कित्येक वर्षे प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतो याकडेच त्यांचे लक्ष अधिक असे.

संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांचा नियम मला येथे सर्वांत उपयोगी वाटतो. मन कोरडे पडलेले असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. उलट ठरलेल्या वेळेपेक्षा थोडे जास्तच बसायचे. म्हणजे पंधरा मिनिटे ठरली असतील तर कंटाळ्याच्या दिवशी सोळा मिनिटे बसावे. वेळ कमी करण्याची खरोखरच गरज असेल, तर तो निर्णय मन प्रसन्न असलेल्या दिवशी घ्यावा. कंटाळ्याच्या भरात घेतलेला निर्णय त्या क्षणी अगदी शहाणपणाचा वाटतो, आणि धोका नेमका तोच आहे.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर तयार शब्द वापरण्यात कमीपणा नाही. बायबलमधले ८८ वे स्तोत्र काळोखातच संपते, तरीही ख्रिस्तसभेने त्याला शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत स्थान दिले आहे. अशा मनःस्थितीत ते मोठ्याने म्हणावे. तेवढेही होत नसेल तर केवळ येशूचे नाव घ्यावे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे येताना बसमध्ये ज्यांची हत्या झाली आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच ज्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, त्या सिस्टर राणी मारिया अखेरपर्यंत हेच नाव घेत होत्या, असे सांगितले जाते. पोळ्या लाटताना किंवा सिग्नलला थांबल्यावर हे नाव घेण्याची सवय आधीपासून असेल, तर मन रिकामे असतानाही ते ओठांवर येते.

रविवारची मिस्सा मनःस्थितीवर सोडू नये. मिस्सा हिंदीत असेल तर त्या दिवसाचे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला वाचायचा उतारा, आदल्या रात्री मराठीत वाचून ठेवावे, म्हणजे प्रवचन नुसते कानांवरून जात नाही.

एवढे करूनही महिनोन्‌महिने काहीच हलत नसेल, तर पापनिवेदनाच्या वेळी फादरांना ‘कंटाळा येतो’ एवढेच न सांगता तो कधीपासून येतो, त्या सुमारास घरात किंवा कामावर काय घडले आणि कोणती सवय प्रथम सुटली, हे नेमके सांगावे. मात्र केवळ प्रार्थनाच नव्हे, तर जेवण, झोप आणि माणसांशी बोलणेही दोन आठवड्यांहून अधिक काळ नकोसे झाले असेल, तर फादरांबरोबरच डॉक्टरांनाही भेटावे आणि प्रकृती सुधारेपर्यंत सकाळ-संध्याकाळ ‘आमच्या स्वर्गातील बापा’ एकदा म्हणणे पुरेसे मानावे.