रॅममध्ये ड्राइव्ह, खेळाला वेग

खेळातला नवा टप्पा उघडताना पडदा बराच वेळ अडून राहत असेल आणि खेळ जुन्या हार्ड डिस्कवर असेल, तर रॅमचा, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीचा, एक भाग ड्राइव्ह म्हणून वापरून पाहावा. त्याआधी खेळाच्या फोल्डरचा आकार पाहून घ्यावा. १६ जीबी रॅम असलेल्या संगणकात विंडोज आणि चालू खेळ यांच्यासाठी निम्मी तरी मोकळी ठेवावी लागते, म्हणून ६ जीबीपर्यंतचाच खेळ निवडावा.

इमडिस्क या मोफत साधनात आकार आणि ड्राइव्हचे अक्षर, समजा ‘आर’, देऊन एनटीएफएस या विंडोजच्या फाइली साठवण्याच्या पद्धतीने ड्राइव्ह तयार करावा, खेळाचे फोल्डर तिथे कॉपी करावे आणि खेळ तिथूनच सुरू करावा. मूळ फोल्डर मात्र मुळीच पुसू नये.

वीज गेली की रॅममधले सारे नाहीसे होते. इंदूरला राजवाड्याजवळच्या आमच्या घरी मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली, तेव्हा माझ्या भाच्याची तीन दिवसांची प्रगती अशीच पुसली गेली आणि बिचारा रडवेला झाला. म्हणून खेळातली प्रगती साठवणाऱ्या सेव्ह फाइली कायम डिस्कवरच राहतील अशी व्यवस्था करावी. वेग वाढतो तो फाइली उघडण्याचा. फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांची, संख्या ग्राफिक्स कार्डावर आणि प्रोसेसरवरच अवलंबून राहते.