जुन्या गाडीचा टेम्परेचर सेन्सर मिळत नाही तेव्हा: स्वस्त आणि भरवशाचा पर्याय कसा शोधावा

जुन्या गाडीचा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर निकामी झाला आणि मूळ भाग बाजारातून नाहीसा झालेला असला, की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: आटे जुळतील तो सेन्सर बसवा, काटा हलला म्हणजे काम झाले. हा सल्ला घातक आहे. काटा हलतो, पण खरे तापमान दाखवत नाही, आणि इंजिनाचे हेड गॅस्केट जाऊन हेड वाकेपर्यंत मालक निर्धास्त राहतो. सेन्सरचे आटे इंजिन ठरवते, त्याचे ओहम (तापमानानुसार बदलणारा विजेचा विरोध) मात्र डॅशबोर्डवरचे मीटर ठरवते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर काही शे रुपयांत उत्तम पर्याय सापडतो.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत तर हा फरक फार महत्त्वाचा आहे. १९८५ साली आलेल्या प्रीमियर ११८ एनईची बॉडी फियाट १२४ची आणि इंजिन निसानचे ए१२; कॉन्टेसाची बॉडी व्हॉक्सहॉल व्हीएक्सवर बेतलेली आणि कॉन्टेसा क्लासिकचे पेट्रोल इंजिन इसुझूचे. त्यात कितीतरी अॅम्बेसेडर आणि जीपांमध्ये मधल्या काळात दुसरेच डिझेल इंजिन बसवलेले असते. म्हणून दुकानात जाऊन गाडीच्या नावाने सेन्सर मागू नये.

आधी दोष सेन्सरचाच आहे याची खात्री करावी. इग्निशन चालू करून सेन्सरवरची वायर काढावी आणि क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवावी. काटा गरम बाजूला सरकू लागला तर मीटर आणि वायरिंग ठीक आहे. टेम्परेचरबरोबर पेट्रोलचा काटाही चुकत असेल, तर सेन्सर सोडून व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासावा. ब्रिटिश पद्धतीच्या अनेक गाड्यांत तो दोन्ही मीटरना सरासरी १० व्होल्ट पुरवतो. मीटरमधून वायरीऐवजी तांब्याची बारीक नळी निघत असेल, तर ती व्यवस्था विजेवर चालत नाही आणि पुढची कृती तिला लागू पडत नाही.

आता खरा अवघड टप्पा: मीटरला कोणत्या तापमानाला किती ओहम हवेत हे शोधणे. मलाही सुरुवातीला याच ठिकाणी सर्वांत जास्त झगडावे लागले, कारण मूळ सेन्सर मेलेला असतो आणि त्याला मोजून काहीच हाती लागत नाही. उत्तर मीटरकडूनच काढून घ्यावे लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत ५ वॅटचे पांढरे सिमेंटचे रेझिस्टर (ठरावीक ओहमचे तुकडे) मिळतात. त्यांतले २२, ३३, ४७, ६८, १००, १५० आणि २२० ओहमचे एकेक घ्यावेत. सेन्सरची वायर आणि अर्थ (म्हणजे इंजिनाचा धातू) यांच्यामध्ये ते एका वेळी एकच असे पाळीपाळीने जोडावेत आणि काटा कुठे थांबतो ते लिहून काढावे. जुनी बायमेटल (दोन धातूंच्या तापणाऱ्या पट्टीवर चालणारी) मीटरे आळशी असतात, काटा स्थिरावायला मिनिटभर लागतो, तेवढे थांबायलाच हवे. स्टॅबिलायझर नसलेल्या गाडीत हे मोजमाप इंजिन चालू ठेवूनच करावे, कारण बॅटरीच्या १२ व्होल्टवर आणि चार्जिंगच्या १४ व्होल्टवर काटा वेगवेगळ्या जागी थांबतो. रेडिओतला छोटा व्हॉल्यूम पॉट (फिरवून ओहम बदलता येणारा रेझिस्टर) वापरा, असे सुचवणाऱ्यांचे ऐकू नये. तो एवढ्या करंटने जळतो.

मीटरवर अंश छापलेले नसतील, तर थर्मोस्टॅटवर (ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेवर) कोरलेले तापमान, बहुधा ८२ किंवा ८८, काट्याच्या मधल्या जागेचे मानावे आणि लाल पट्ट्याची सुरुवात १०५ अंशांच्या आसपास धरावी. प्रेशर कॅपमुळे रेडिएटरमधले पाणी शंभराच्या वरच उकळते, त्यामुळे हा अंदाज सुरक्षित आहे.

दुसऱ्या बाजूने बाजारातला सेन्सर मोजायचा. ट्रॅक्टर आणि छोट्या ट्रकचे एका टर्मिनलचे सेन्सर नाना पेठेसारख्या बाजारात सहज आणि स्वस्त मिळतात. माझा पहिला शोध नेहमी तिथेच असतो. नव्या गाड्यांच्या ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) दोन पिनांचे सेन्सर घेऊ नयेत. त्यांचे ओहम ५ व्होल्टच्या सर्किटसाठी ठरवलेले असतात, साधारण २० अंशांना अडीच हजार आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास, त्यामुळे त्यांच्यावर जुने मीटर चालत नाही. लाल दिव्याचा किंवा फॅनचा स्विचही दिसायला अगदी सेन्सरसारखा असतो. थंड असताना मल्टीमीटर काहीच दाखवत नसेल तर तो स्विच आहे असे समजून परत ठेवावा.

उकळत्या पाण्यात बुडवा आणि शंभर अंश धरा, हा सल्ला दोन कारणांनी चुकीचा आहे. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, आणि आपल्याला हवा असलेला १०५चा आकडा पाण्यात कधीच मिळत नाही. म्हणून जुन्या पातेल्यात खाद्यतेल घ्यावे, सेन्सर तारेने असा टांगावा की टर्मिनल तेलाच्या वर राहील, आणि थर्मामीटरचे टोक सेन्सरच्या अगदी शेजारी, बुडाला न टेकता ठेवावे. सेन्सर पूर्ण कोरडा असलाच पाहिजे. पाण्याचा एक थेंब गरम तेलात गेला तर ते डोळ्यांपर्यंत उडते. तेल ११० अंशांवर गेले की गॅस बंद करावा आणि निवताना थर्मामीटरचे तापमान आणि मल्टीमीटरवरचे सेन्सरचे ओहम टिपावेत, कारण तापताना तेलाचे थर एकसारखे नसतात.

मीटरची आणि सेन्सरची, दोन्ही याद्या तंतोतंत कधीच जुळत नाहीत, आणि मग लोक वायरीत रेझिस्टर घालून काटा मध्यावर आणतात. इथे माझे मत ठाम आहे: जुळवायचे ते लाल पट्ट्याशी. समजा मीटरला ८५ अंशांना ७५ ओहम आणि १०५ अंशांना ४० ओहम हवेत, आणि हाती आलेला सेन्सर अनुक्रमे ५० आणि २८ देतो. मालिकेत, म्हणजे सेन्सरच्या वायरीतच, २५ ओहम घातले तर मध्य बरोबर येतो, पण १०५ला एकूण ५३ ओहम होतात आणि इंजिन उकळत असताना काटा लाल पट्ट्याच्या अलीकडेच थांबतो. त्याऐवजी १२ ओहम घातले तर १०५ला बरोबर ४० मिळतात. ८५ला ६२ होतात, म्हणजे काटा रोज मध्याच्या किंचित वर राहतो. तो राहू द्यावा, चूक सावधगिरीच्या बाजूची आहे. थंड टोकाला काटा किती चुकतो याची चिंता करू नये. रेझिस्टर २ वॅटचा घ्यावा. लाल पट्ट्याशी जुळवूनही मध्य फारच सरकत असेल, तर तो सेन्सर सोडून दुसरा शोधावा.

आट्यांच्या बाबतीत घाई करू नये. १/८ एनपीटीला (अमेरिकन पाइपचे आटे) इंचात २७ आटे, १/८ बीएसपीला (ब्रिटिश पाइपचे) २८, आणि एम १० गुणिले १ हा मेट्रिक आटा त्यांच्या इतका जवळ की तिन्ही एकमेकांच्या भोकात दोन फेरे आरामात जातात. हाताने तीन-चार फेरे सहज बसला नाही तर पाना लावू नये; अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले की स्वस्त सेन्सर महागात पडतो. आटे जुळत नसतील तर लेथवाल्याकडून पितळी अॅडॉप्टर करून घ्यावा, मात्र शक्य तितका बुटका. उंच अॅडॉप्टरमुळे सेन्सरचे टोक पाण्याच्या प्रवाहाबाहेर राहते आणि वरची सगळी मेहनत फुकट जाते.

इंजिन पूर्ण गार असताना सेन्सर बदलावा, टेफ्लॉन टेप एकाच वेढ्याची आणि टोकाकडचे आटे सोडून लावावी, कारण सेन्सरचे अर्थिंग आट्यांतूनच होते. कूलंट भरून हवा काढावी.

शेवटी थर्मोस्टॅटच्या झाकणावर काळी चिकटपट्टी लावून इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान पाहावे. चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो. थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम झाल्यावर काटा अपेक्षित जागी असेल, तर त्याच पार्ट नंबरचा आणखी एक सेन्सर विकत घ्यावा आणि रेझिस्टरच्या आकड्याची चिठ्ठी लावून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा.