वीरगळ आणि महायुद्धाच्या पाट्या : नोंद करताना या चुका टाळा

गावोगावच्या वीरगळांची, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव दगडांची, आणि युद्धस्मारकांची नोंद करायला हल्ली बरीच तरुण मंडळी बाहेर पडतात, ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र घाईत केलेली चुकीची नोंद एकदा पसरली की ती पुसता पुसत नाही.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे कोरीव दगड दिसला की तो शिवकालीन मावळ्याचा ठरवून मोकळं होणं. महाराष्ट्रात शिवकाळाच्या कितीतरी आधीचे, शिलाहार-यादव राजांच्या काळातले वीरगळ मुबलक आहेत आणि बहुतेकांवर एक अक्षरही नसतं. मग नाव आणि लढाई आणायची कुठून? शिल्प सांगतं तेवढंच लिहावं. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत झुंज किंवा पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, माथ्याशी कलश आणि चंद्र-सूर्य. तळाला गायी कोरल्या असतील, तर गावची गुरं सोडवताना आलेलं ते मरण असतं. बोरिवलीच्या एकसर गावातल्या वीरगळांवर वल्ह्यांची गलबतं आहेत, म्हणजे लढाई समुद्रातली. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. गाढव आणि स्त्री कोरलेला दगड म्हणजे गधेगळ. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शापवाणी, तिचा युद्धाशी संबंध नाही. लेखात शके असेल तर इसवी सनासाठी साधारण ७८ मिळवा. शकाचाच आकडा सन म्हणून छापलेला पाहिला की वाईट वाटतं.

पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्यांची गत वेगळी. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीतल्या या पाट्यांवर सहसा दोन आकडे असतात : गावातून किती जण युद्धावर गेले आणि त्यातले किती कामी आले. पहिलाच आकडा हुतात्म्यांचा म्हणून लिहिला जातो. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले, हा खरोखर मृतांचा आकडा. पण प्रत्येक गावचा मोठा आकडा तसा नसतो. पाटीवर १९१४–१९१९ दिसलं तर ती कोरणाऱ्याची चूक समजू नका. तोफा नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबल्या, पण जर्मनीशी युद्ध रीतसर मिटवणारा व्हर्सायचा तह जून १९१९ चा. दुसऱ्या महायुद्धाची स्मारकंही यात मिसळू नका. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले यशवंत घाडगे इटलीत पडले ते १० जुलै १९४४ रोजी. त्यांचा पुतळा रायगड जिल्ह्यातल्या माणगावात आहे.

पाटीवर नावं नसतील तर दोन्ही महायुद्धांत पडलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी ऑनलाइन पाहता येते. तिथे नाव सापडत नाही अशी तक्रार अनेकांची असते. कारकुनाने मराठी नाव ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलेलं, आडनाव तर पुष्कळदा गायबच. अशा वेळी गावाच्या आणि तालुक्याच्या नावाने शोधा, स्पेलिंग बदलून बदलून. जिल्हा मात्र त्या काळचा घ्या : रायगडसाठी कुलाबा, सिंधुदुर्गसाठी रत्नागिरी, तासगाव-वाळव्यासाठी सातारा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नावही असतं, त्यामुळे गावातलं घराणं ओळखता येतं.

अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून खडू, पीठ किंवा ऑइल पेंट भरू नका, आणि ॲसिड तर नकोच नको. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, नाहीतर अंधार पडल्यावर बाजूने टॉर्च धरून फोटो काढा. पुसट अक्षरंसुद्धा उठून दिसतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडली तरी पुरे. शेंदूर खरवडायला जाऊ नका. गावाचा तो देव असतो आणि खरवडताना कोरीव काम निघून येतं.

जीर्णोद्धारात वीरगळ उपटून सिमेंटच्या चौथऱ्यात ओळीने बसवतात, हे पाहून जीव तुटतो. सिमेंटमुळे दगडात ओल आणि क्षार अडकतात आणि पापुद्रे सुटू लागतात. शिवाय कोणता वीरगळ वेशीवर होता, कोणता तळ्याकाठी, ही माहिती कायमची जाते. तुमच्या गावात असं काम निघणार असेल तर दगड हलण्याआधी प्रत्येकाची जागा, दिशा आणि मोजमाप लिहून फोटो काढा, ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे पाठवा.