एआय एजंट भलतंच बटण दाबतोय? टूलच्या वर्णनातल्या या चुका टाळा

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका टॉवेलच्या व्यापाऱ्यासाठी मी एआय एजंट, म्हणजे भाषा समजणाऱ्या एआय मॉडेलच्या मदतीनं स्वतःच अ‍ॅप चालवणारा प्रोग्रॅम, तयार करत होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑर्डर वाचायची आणि दुकानाच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये भरायची, एवढंच त्याचं काम. चाचणीच्या पहिल्याच ऑर्डरीत गिऱ्हाईकानं लिहिलं होतं ‘टॉवेल २० डझन’. एजंटनं ‘२०’ भरले. अ‍ॅप नगांत मोजतं, म्हणजे २४० टॉवेलांच्या जागी २० निघाले असते. मी मॉडेल बदलायला निघालो होतो, तेवढ्यात टूलचं (एजंटला करता येणाऱ्या टॅप, टाइप, ऑर्डर भरणं अशा एकेका कामाला टूल म्हणतात) वर्णन पुन्हा वाचलं: ‘क्वांटिटी: ऑर्डरची संख्या’. कसली संख्या, हे मीच कुठे सांगितलं नव्हतं.

मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला द्यायची माहिती, जसं वरची ‘क्वांटिटी’) एवढ्यावरच ते ठरवतं. आता तिथे असं लिहिलंय: ‘नगांची संख्या, पूर्णांकात. संदेशात डझन असेल तर १२ने गुणून द्या. गाठ लिहिली असेल किंवा एककच नसेल तर अंदाज करू नका, आधी ‘गिऱ्हाईकाला_विचारा’ हे टूल वापरा.’ गाठीत किती नग हे मालागणिक बदलतं, म्हणून ते वाक्य मुद्दाम घातलं.

वर म्हणजे नेमकं कुठे?

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला. एजंट यादीच्या टोकाला अडकतो आणि तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतो, असं दिसलं तर आधी दिशेचा शब्द तपासा. बोट वर सरकवलं की यादीतल्या खालच्या ओळी दिसतात. त्यामुळे ‘स्वाइप अप’ आणि ‘स्क्रोल डाउन’ यांचा परिणाम एकच. वर्णनात नुसतं ‘दिशा: वर किंवा खाली’ असेल तर मॉडेल कधी बोटाची दिशा धरतं, कधी मजकुराची. मी दिशा काढूनच टाकली आणि दोनच पर्याय ठेवले: ‘पुढच्या_ओळी’ आणि ‘मागच्या_ओळी’. सोबत एक वाक्य जोडलं: ‘स्क्रीन बदलली नाही तर यादी संपली असं समजा, पुन्हा चालवू नका.’

टॅप चुकत असेल तर तो कुठे चुकतोय ते पाहा. सगळे टॅप वर आणि डावीकडे पडत असतील, आणि स्क्रीनवर जितकं खाली जावं तितका फरक वाढत असेल, तर स्क्रीनशॉट लहान करून मॉडेलला गेलाय आणि त्यावरून मॉडेलनं दिलेले निर्देशांक (टॅपची जागा सांगणारे आकडे) मात्र तसेच मूळ स्क्रीनवर लावले जाताहेत. स्क्रीन १०८० × २४०० आणि चित्र त्याच्या निम्मं, असा प्रकार. मोजणी कुठल्या चित्रावरून, शून्य कुठल्या कोपऱ्यात, हे वर्णनात लिहा आणि गुणाकार कोडमध्ये करा. त्याहून चांगलं म्हणजे अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्रीमधल्या (स्क्रीनवरच्या बटणं, रकाने यांची अँड्रॉइडकडून मिळणारी यादी) घटकांना क्रमांक द्या आणि ‘क्रमांक ७ वर टॅप’ असं टूल बनवा.

‘मजकूर टाइप करतं’ एवढ्यानं भागत नाही

एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देण्याचं साधन) ‘इनपुट टेक्स्ट’ कमांडला देवनागरी चालत नाही. आपल्याकडे गिऱ्हाईकांची नावं मराठीतच येतात, तेव्हा ही अडचण पहिल्याच दिवशी येते. माझं टूल आतून फेल व्हायचं आणि बाहेर ‘ओके’ म्हणायचं. एजंट निर्धास्तपणे पुढे जायचा, नाव कोरं राहायचं. अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सर्व्हिसच्या (दुसरं अ‍ॅप वाचायची आणि चालवायची सोय) ‘सेट टेक्स्ट’मधून मराठी नीट जातं, पण ते रकान्यातला जुना मजकूर काढून नवा ठेवतं, पुढे जोडत नाही. हे वर्णनात हवंच. रकाना आधी निवडलेला लागतो का, शेवटी एंटर दाबलं जातं का, हेही लिहा. आणि उत्तरात ‘ओके’ऐवजी रकान्यात आता प्रत्यक्ष काय दिसतंय ते परत पाठवा.

‘मागे जा’चंही तसंच. कीबोर्ड उघडा असेल तर पहिल्यांदा नुसता कीबोर्ड मिटतो. हे माहीत नसलेला एजंट आपण मागच्या स्क्रीनवर आलो असं धरून चालतो.

बटणांची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच लिहा. अ‍ॅपमध्ये ‘जतन करा’ असताना वर्णनात ‘सबमिट’ लिहिलंत, तर एजंट नसलेलं बटण शोधत बसतो.

कुठली चूक कुठली हे ओळखायला लॉग, म्हणजे एजंटनं केलेल्या प्रत्येक पायरीची नोंद, उघडा. टूलच चुकीचं निवडलं असेल तर नाव किंवा वर्णन दुसऱ्या टूलसारखं झालंय. ‘कधी वापरू नये’ हे वाक्य जोडा. टूल बरोबर पण त्याला दिलेली माहिती चुकली, तर पॅरामीटरचं वर्णन अपुरं आहे. दोन्ही बरोबर असून पुढची पायरी चुकली, तर टूलचं उत्तर तपासा. एका वेळी एकच वाक्य बदला आणि त्याच जुन्या ऑर्डरी पुन्हा चालवा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

‘ऑर्डर_पाठवा’च्या वर्णनात ‘मालकाचा होकार घेतल्याशिवाय वापरू नका’ असं मी ठळकपणे लिहिलंय. तरी त्यावर विसंबलेलो नाही. वर्णन मॉडेल बहुतेक वेळा पाळतं, आणि पैशाच्या व्यवहारात ‘बहुतेक वेळा’ एवढं पुरत नाही. म्हणून व्यापाऱ्यानं स्वतःच्या फोनवर ‘हो’ दाबेपर्यंत ते टूल कोडमध्येच बंद ठेवलंय.