ओल्ड कोर्सवर खेळायला निघालात? बंकरच्या बाबतीत या चुका टाळा

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानावर शंभराहून जास्त बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत. तिकडे जायचं ठरलं की गोव्यातला गोल्फर ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) आणि पटिंग (चेंडू भोकाकडे घरंगळवणं) घोटत बसतो. वाळूतून चेंडू काढायचा सराव राहून जातो, आणि माझ्या मते पहिली चूक हीच. पसरट, उथळ बंकरची सवय असलेल्या माणसाला तिथले बंकर चकित करतात. ते लहान आणि खोल असतात, आणि गवताचे थर एकावर एक रचून त्यांची भिंत जवळजवळ सरळ उभी केलेली असते. चौदाव्या होलवरचा (होल म्हणजे कोर्सचा एक टप्पा) ‘हेल बंकर’ तर सुमारे दहा फूट खोल आहे.

डोळ्यांवर विसंबू नका

पूर्वी हा कोर्स घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने खेळत, आता उलट दिशेने खेळतात. त्यामुळे कित्येक बंकरांचं तोंड आपल्याकडे नसतंच. बाराव्या होलच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, समोर मोकळं मैदान दिसतं आणि बंकर मात्र मधेच दडलेले असतात. शिवाय भोवतालची जमीन बंकरच्या दिशेने उतरती असते, म्हणून बंकर दिसतो त्याहून कितीतरी मोठं क्षेत्र चेंडू त्यात ओढून नेतं. १९७८ च्या ओपन या ब्रिटिश स्पर्धेत जपानच्या टॉमी नाकाजिमाचा चेंडू सतराव्या होलच्या ग्रीनवर (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) दोन फटक्यांत पोचला होता. तिथून त्याने पट केला, पण चेंडू घरंगळत ग्रीनलगतच्या रोड बंकरमध्ये गेला. बाहेर यायला चार फटके लागले आणि त्या होलवर त्याचे नऊ फटके झाले. ग्रीनवर पोचलो म्हणजे सुटलो, असं इथे समजू नये.

यावर उपाय म्हणजे कॅडी (बॅग उचलणारा, कोर्स जाणणारा सोबती) घ्या आणि त्याचं ऐका. प्रत्येक टीवर त्याला विचारा, कोणता बंकर किती यार्डांवर आहे, आणि त्याच्या अलीकडे थांबेल असा क्लब काढा. चौदाव्या होलवर दुसरा फटका डावीकडे पाचव्या होलच्या फेअरवेकडे (टी आणि ग्रीनमधली कापलेल्या गवताची पट्टी) मारला, तर हेल बंकर टळतो. २००० साली टायगर वूड्सने इथे चारही फेऱ्यांत, म्हणजे ७२ होलांत, एकदाही बंकरमध्ये चेंडू घातला नाही आणि १९ अंडर पारने (ठरलेल्या फटक्यांपेक्षा १९ कमी) ओपन जिंकली. नुसत्या ताकदीवर हे जमत नाही, प्रत्येक फटक्याआधी विचार लागतो.

पुढेच मारायचा हट्ट

चेंडू आत गेलाच, तर सर्वांत महाग पडते ती ही चूक. १९९५ मध्ये जॅक निकलॉसला हेल बंकरमधून बाहेर यायला चार फटके लागले आणि त्या होलवर दहा झाले. याच कोर्सवर १९७० आणि १९७८ साली ओपन जिंकलेला हा खेळाडू! चेंडू भिंतीला चिकटून असेल तर बाजूला मारा, नाहीतर सरळ मागे मारा. यात कमीपणा काही नाही. तेही शक्य नसेल, तर चेंडू खेळण्याजोगा नाही असं जाहीर करा. एका पेनल्टीत (दंडाचा एक फटका) बंकरमध्येच ड्रॉप मिळतो, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडून पुन्हा खेळता येतो. २०१९ च्या नियमांपासून दोन पेनल्टी घेऊन बंकरच्या बाहेर, झेंडा आणि चेंडूच्या रेषेत मागे ड्रॉप करता येतो. चार फटके वाया घालवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

फटका कुठे चुकतोय?

चेंडू भिंतीवर आदळून पुन्हा पायाशी येत असेल, तर क्लबचं तोंड पुरेसं उघडलेलं (वर आकाशाकडे वळवलेलं) नाही. आधी तोंड उघडा, मग पकड घ्या. पकड घेऊन नुसतं मनगट वळवलं तर खाली येताना ते पुन्हा बंद होतं. पाय फाकवा, गुडघे वाकवा, हात खाली ठेवा. चेंडू जागचा हलतच नसेल, तर वाळूला लागताच तुम्ही स्विंग थांबवताय. ही भीतीची खूण आहे. चेंडूच्या दोन इंच मागे वाळूत शिरा आणि स्विंग पूर्ण करा. चेंडू ग्रीन ओलांडून पार पलीकडे जात असेल, तर वाळूआधी चेंडूच लागतोय. अंगाचा भार पुढच्या पायावर ठेवा.

चेंडू वाळूत रुतलेला असेल तर मात्र उलट करायचं: तोंड सरळ ठेवायचं, म्हणजे क्लब खोल जातो.

नियमांचं थोडक्यात: फटक्याआधी क्लब चेंडूच्या लगत पुढेमागे किंवा सरावाच्या स्विंगमध्ये वाळूला लागला, की दोन पेनल्टी. पाय रोवून उभं राहायला मात्र परवानगी आहे. वाळू भुसभुशीत आहे की घट्ट, हे पायांनाच कळू द्या.

सराव गोव्यातच

तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. जून-जुलैला जायचं असेल, तर वाळूतला सराव एप्रिल-मेमध्येच करून घ्यायला हवा. काणकोणात राजबागला समुद्रालगत गोल्फ कोर्स आहे, तिथला वारा ओळखीचा करून घ्यावा. किनाऱ्यावर भल्या सकाळी, माणसं नसताना, दोन्ही तऱ्हेची वाळू मिळते. वर कोरडी, भुसभुशीत. तिथे जास्त बाउन्सचा (तळ जास्त फुगीर असलेला) सँड वेज, म्हणजे वाळूतला क्लब, लागतो, नाहीतर क्लब खोल रुततो. भरती ओसरल्यावरच्या ओल्या पट्ट्यात तोच क्लब आपटून उसळतो आणि चेंडू भलतीकडे जातो, म्हणून तिथे कमी बाउन्सचा वेज घ्या. स्कॉटलंडमध्ये पाऊस कधीही येतो. दोन्ही सवयी हव्यात आणि बॅगेत दोन्ही वेज हवेत.

फक्त जागा नीट निवडा. गालजीबाग, आगोंद, मोरजी आणि मांद्रे इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे वाळू उकरू नका. वाळूच्या टेकड्यांवरही नको, त्यांवरच्या वेली वाळू धरून ठेवतात. आणि सराव झाला की खड्डे बुजवून निघा. ओल्ड कोर्सवरही बंकरमधून बाहेर पडताना हातात रेक (वाळू सारखी करायचं दाताळं) घ्यावाच लागतो.