‘माय फेअर लेडी’ घरी नीट कसा बघावा

फुलं विकणाऱ्या एलायझाला उच्चारतज्ज्ञ हेन्री हिगिन्स उच्चभ्रूंचं इंग्रजी शिकवतो, त्याची गोष्ट म्हणजे ‘माय फेअर लेडी’. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १५ मार्च १९५६ ला सुरू झालेल्या या संगीत नाटकाचे तिथे २,७१७ प्रयोग झाले. जॉर्ज क्यूकरने १९६४ साली त्याचा सिनेमा केला तेव्हा नाटकाची बैठक मोडली नाही. सुरुवातीचं वाद्यवादन ठेवलं, मध्यंतर ठेवलं आणि लंडनसुद्धा स्टुडिओतच उभं केलं. म्हणून हा सिनेमा नाटकाला बसावं तसा बसून बघायचा. जेवताना अधूनमधून मान वर करून बघितलात तर तो संथ आणि लांबलचक वाटणार.

आधी प्रत तपासा. पूर्ण सिनेमा १७० मिनिटांचा आहे. १९९४ मध्ये रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी त्याचं जीर्णोद्धाराचं मोठं काम केलं, आणि २०१५ मध्ये ४के जीर्णोद्धारातली प्रत आली. मिळाली तर तीच घ्या. जुन्या पाल (युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर लांबी १६३ मिनिटं दिसली तर काही कापलंय असं समजू नका. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा तिथे २५ने पळवलेला असतो. पण त्यामुळे बहुतेक प्रतींत सूरही चढतो: काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जातं. संगीतासाठीच बघायचा असेल तर ही प्रत टाळलेली बरी.

मग टीव्ही. हा सिनेमा ७० एमएमच्या रुंद पडद्यासाठी चित्रित झाला आहे आणि त्याची चौकट २.२० : १ आहे. ४३ इंची टीव्हीवर वर-खाली साधारण पाच-पाच सेंटिमीटरची काळी पट्टी दिसायलाच हवी. ती घालवायला झूम केलंत तर रुंदीचा जवळपास पाचवा हिस्सा जातो. त्याचं सर्वांत मोठं नुकसान ॲस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीच्या प्रसंगात होतं. सेसिल बीटनच्या काळ्या-पांढऱ्या-राखाडी पोशाखांतली माणसं तिथे पडदाभर ओळीने, पुतळ्यासारखी उभी असतात आणि दोन्ही टोकांची माणसं कापली जातात. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसतं. बसायला पाच-सहा फूट अंतर पुरे.

आवाज जुळवायला एक चांगली युक्ती सिनेमातच आहे. हिगिन्स झालेला रेक्स हॅरिसन दर वेळी वेगळ्या लयीत म्हणायचा, त्यामुळे आधी ध्वनिमुद्रण करून मग ओठ हलवणं त्याला जमणारं नव्हतं. त्याच्या टायमागे छोटा बिनतारी माइक लपवून त्याची गाणी चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित केली. एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नसाठी मात्र बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली आहेत. तेव्हा ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं वाटलं, तर आधी हॅरिसनच्या एखाद्या गाण्यावर तपासा. तिथेही फरक दिसला तर दोष तुमच्या साउंडबारचा, बहुधा ब्लूटूथमुळे आवाज मागे पडतोय. तार जोडा किंवा ऑडिओ डिले कमी-जास्त करा. फरक फक्त एलायझाच्याच गाण्यात दिसला तर कशालाही हात लावू नका.

‘जस्ट यू वेट’ मात्र कान देऊन ऐका. त्याची सुरुवात हेपबर्नच्या स्वतःच्या आवाजात आहे, किंचित खरखरीत आणि चिडलेली. मधे एलायझा राजाचं स्वप्न रंगवते, सूर चढतो, तिथे निक्सनचा आवाज येतो. सांधा एकदा सापडला की पुढे प्रत्येक गाण्यात कान आपोआप सावध होतो. आम्हाला तरी त्या खरखरीत ओळी जास्त खऱ्या वाटतात. पु. ल. देशपांड्यांची ‘ती फुलराणी’ (१९७५) हा सिनेमा ज्यावर बेतलाय त्या जॉर्ज बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावरूनच आली आहे, आणि भक्ती बर्वेंचं ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ ज्यांच्या कानात आहे त्यांना हा राग ओळखीचा वाटेल. जमलं तर ते स्वगत आदल्या दिवशी ऐकून ठेवा.

सबटायटल इंग्रजीच लावा, शक्यतो ऐकू न येणाऱ्यांसाठी असलेली, कारण त्यात गाण्यांचे शब्दही बहुधा असतात. पण पहिल्या वीस मिनिटांत नजर तिथेच खिळवू नका. सगळं नाटक उच्चारांवर उभं आहे: एलायझा ‘ह’ खाते, म्हणून हेन्री हिगिन्सचा ‘एन्री इगिन्स’ होतो, आणि तिच्या तोंडी ‘रेन’चा ‘राइन’ होतो. पुढे शिकवणीत ज्योतीसमोर बोलायला लावतात. ‘ह’ नीट आला तर श्वासाने ज्योत हलते. ही दोन अक्षरं पकडलीत की तिची प्रगती सबटायटलविना कळते.

सुरुवातीला पडद्यावर फुलं दिसतात आणि संगीत वाजत राहतं. ते पुढे ढकलू नका. आपल्याकडच्या नांदीसारखंच ते काम करतं, पुढे येणाऱ्या चाली आधीच कानावर पडतात. दिवे याच वेळी मालवा.

मध्यंतर मंडळी घरातून राजदूताकडच्या नाचाला निघताना येतं. रंगमंचावर मात्र पहिला अंक त्या नाचातच संपत असे. चहा करायचा तो इथेच, दहा मिनिटांत. लहान मुलं असतील तर इथे थांबून उरलेला भाग दुसऱ्या संध्याकाळी लावला तरी चालतो, मात्र ॲस्कॉटच्या आधी तोडू नका.

उत्तरार्धात गाणी कमी आणि बोलणं जास्त आहे. नाचानंतर घरी परतल्यावर हिगिन्स आणि त्याचा मित्र पिकरिंग एकमेकांचं कौतुक करत असतात, तेव्हा कोण गातंय ते सोडून एलायझाकडे बघा. ती बाजूला गप्प उभी असते. शेवटाबद्दलचं मत मात्र लगेच बनवू नका. शॉला एलायझा आणि हिगिन्सची जोडी मान्य नव्हती. त्याने नाटकाला वेगळा मजकूर जोडून एलायझाचं लग्न तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लावून दिलं. तो मजकूर वाचून मग शेवटची पाच मिनिटं पुन्हा लावा.